निदानाचा शेवटचा अंक

नागपूरच्या उत्तर भागातील जरीपटका या वस्तीचे नाव मराठ्यांच्या ध्वजाची आठवण करून देणारे असले, तरी तिची आजची घडण १९४७ च्या फाळणीनंतर येथे येऊन स्थिरावलेल्या सिंधी निर्वासितांनी केलेली आहे. अशा वस्तीतील एखाद्या माणसाच्या मानेला गाठ येते, तेव्हा तो आधी गल्लीतील डॉक्टरांकडे जातो. तेथून त्याला ‘मेयो’त किंवा ‘मेडिकल’मध्ये पाठविले जाते. गाठ कर्करोगाची ठरली, तर राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था किंवा थेट मुंबईचे टाटा रुग्णालय, असा त्याचा पुढचा प्रवास असतो. या प्रवासात कोठेतरी केसपेपरवर रोगाचे नाव लिहिले जाते आणि त्या नावाशेजारी एक संकेतांक येतो. एक इंग्रजी अक्षर, दोन अंक, एक टिंब आणि टिंबानंतर आणखी एक अंक. रोगी तो वाचत नाही, नातेवाइकांना तो कळत नाही, आणि डॉक्टरांच्या दृष्टीने ते कारकुनी काम असते. तथापि लिम्फोमा या कर्करोगाच्या बाबतीत टिंबानंतरचा तो एक अंक रोगी कोणत्या औषधास पात्र ठरेल, विम्याचा कागद पुढे सरकेल की परत येईल आणि नागपूरच्या आरोग्यविषयक आकडेवारीत त्याची गणना कोठे होईल, या तिन्ही गोष्टींशी निगडित आहे.

लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा कर्करोग, एवढेच सर्वसाधारण सुशिक्षितांस ठाऊक असते. वस्तुतः ते एका रोगाचे नाव नसून एका मोठ्या कुळाचे नाव आहे. त्या कुळातील काही रोग इतके मंदगती असतात, की काही रोग्यांना वर्षानुवर्षे औषधाविना नुसते देखरेखीखाली ठेवले तरी चालते. काही इतके आक्रमक असतात, की आठवड्याभराचा विलंबही जिवावर बेततो. ‘बर्किट’ नावाच्या प्रकारात कर्कपेशींची संख्या एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. मानवी शरीरात इतक्या वेगाने वाढणारे अर्बुद क्वचितच आढळते. डेनिस बर्किट हे आयरिश शल्यचिकित्सक युगांडातील कंपाला येथे सरकारी नोकरीत असताना १९५७ साली त्यांच्यापुढे जबडा सुजलेले एक मूल आले, मग तसेच दुसरे आले, आणि १९५८ साली त्यांनी या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. ही सारी मुले वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या नोंदींत विखुरलेली राहिली असती, तर हा एकच रोग आहे हे कळावयास आणखी किती काळ लागला असता, याचा विचार करण्यासारखा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत या कुळाला ‘सी ८१’ पासून ‘सी ८५’ पर्यंतची मुख्य घरे दिलेली आहेत. हॉजकिनचा रोग ८१ मध्ये, मंदगती फॉलिक्युलर प्रकार ८२ मध्ये, टी-पेशींचे प्रकार ८४ मध्ये. आक्रमक प्रकारांपैकी बहुतेकांचे घर ८३ हे आहे. त्यातही ‘८३.३’ म्हणजे मोठ्या बी-पेशींचा पसरट लिम्फोमा, जो प्रौढांत सर्वाधिक आढळतो, आणि ‘८३.७’ म्हणजे बर्किट. आणि मग येते ‘सी ८५.९’. या घरावरची पाटी आहे ‘अनिर्दिष्ट’. डॉक्टरांनी कागदावर नुसते ‘लिम्फोमा’ असे लिहिले, तर संकेतांक लावणाऱ्या कर्मचाऱ्याला नियमाने याच घरात त्या रोग्याला बसवावे लागते.

या घरात बसण्याची किंमत काय असते? आक्रमक बी-पेशी लिम्फोमासाठी ‘चॉप’ या नावाने ओळखली जाणारी चार औषधांची योजना १९७० च्या दशकापासून प्रचारात आहे. तिला रिटुक्सिमॅब या औषधाची जोड दिली असता अधिक रुग्ण बरे होतात, हे फ्रान्समधील संशोधकांनी २००२ साली दाखवून दिले. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ साली त्या औषधाची भारतीय आवृत्ती बाजारात आणली. परंतु हे औषध सीडी २० नावाचे प्रथिन अंगावर बाळगणाऱ्या पेशींवरच चालते. टी-पेशींच्या लिम्फोमात ते प्रथिन नसते, तेव्हा तेथे ते देणे म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही पाण्यात घालणे होय. बर्किटला ‘चॉप’ पुरत नाही. त्याला अधिक तीव्र, थोड्या अवधीत दिली जाणारी आणि मेंदूभोवतीच्या द्रवापर्यंत पोहोचणारी औषधयोजना लागते. फॉलिक्युलरच्या एखाद्या रोग्याला यांपैकी काहीच लगेच नको असते. एकाच सकाळी एकाच बाकावर बसलेल्या तीन रोग्यांच्या कागदावर ‘लिम्फोमा’ हा एकच शब्द असला, तर त्या शब्दाने उपचाराविषयी जवळजवळ काहीच सांगितलेले नसते.

येथे कारकुनाला दोष देण्याचा मोह अनेकांस होतो. तो अन्यायाचा आहे. डॉक्टरांनी जे लिहिले नाही ते संकेतांकात घालण्याचा अधिकार कारकुनाला नाही, आणि त्याने तसे केले तर ती अधिक गंभीर चूक ठरेल. ‘.९’ चा उगम त्याच्या टेबलाच्या बराच आधी होतो. मानेच्या गाठीत बारीक सुई घालून काढलेल्या पेशींवरून लिम्फोमाचा संशय घेता येतो, प्रकार खात्रीने सांगता येतोच असे नाही. त्यासाठी शक्यतो संपूर्ण गाठ काढून बायोप्सी करावी लागते, आणि नंतर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री नावाची, पेशींतील विशिष्ट प्रथिने रंगवून ओळखणारी तपासणी करावी लागते. सीडी २०, सीडी १०, बीसीएल ६, वाढीचा वेग दाखविणारे केआय ६७, असा एकेक रंग चढत जातो तसतसा रोगाचा प्रकार स्पष्ट होत जातो. प्रत्येक रंगाला पैसे पडतात. राज्यात २०१२ साली सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेने, तसेच २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने कर्करोगाच्या उपचारांचा मोठा भार उचलला आहे, हे निर्विवाद आहे. पण या योजना मुख्यतः ठरलेल्या उपचारांच्या आहेत. रोगाचे नाव पक्के होण्यापूर्वीच्या तपासण्यांचा खर्च पुष्कळदा रोग्याच्याच खिशातून जातो. म्हणजे उपचार फुकट मिळावेत यासाठी जे नाव लागते ते नाव मात्र विकत घ्यावे लागते. ज्याला ते परवडत नाही त्याच्या वाट्याला ‘.९’ येतो. हा अंक वैद्यकीय दिसत असला तरी त्यात आर्थिक परिस्थितीची नोंद असते, आणि ती कोणी वाचत नाही.

त्यातच पूर्वमंजुरीचा प्रश्न येतो. औषधयोजना प्रकारानुसार वेगळ्या असल्याने मंजुरी देणाऱ्याने प्रकार विचारणे स्वाभाविकच आहे. अहवालात तो नसेल तर विचारणा होते, कागद रुग्णालयाकडे परत येतो, नातेवाईक आरोग्यमित्राच्या टेबलाशी उभे राहतात. मंदगती रोगात असे पंधरा दिवस गेले तर फारसे बिघडत नाही. आक्रमक रोगात तेवढ्या काळात गाठ दुप्पट-चौपट होते, मूत्रपिंडे दबली जातात आणि रोगी तीव्र औषधे सोसण्याच्या स्थितीत उरत नाही.

भारतात आणखी एक गुंतागुंत आहे, ती क्षयरोगाची. मानेची गाठ म्हटली की क्षयाची शंका प्रथम येते, आणि क्षयाचे प्रमाण पाहता ती अवास्तव नाही. पण तुकडा न तपासता क्षयाची औषधे सुरू झाली, की केसपेपरवर ‘ए १८.२’ हा ग्रंथींच्या क्षयाचा संकेतांक चढतो, आणि एकदा संगणकात गेलेला क्रमांक सहसा हटत नाही. दोन-तीन महिन्यांनी गाठ विरली नाही म्हणून बायोप्सी होते व लिम्फोमा निघतो. तोवर क्षयाच्या आकड्यांत एक खोटी भर पडलेली असते आणि कर्करोगाच्या नोंदीत रोगाचा आरंभ प्रत्यक्षाहून कित्येक आठवडे उशिराचा दिसतो. जठरात उद्भवलेल्या लिम्फोमाचीही अशीच गत होते. संकेतांक लावणारा ‘जठर’ हा शब्द पाहून ‘सी १६’, म्हणजे जठराचा कर्करोग, लिहून मोकळा होतो. वास्तविक दहाव्या आवृत्तीत लिम्फोमा कोठल्याही अवयवात असला तरी त्याचे घर बदलत नाही. जठराच्या कर्करोगात शस्त्रक्रियेला मोठे स्थान आहे. जठरातील आक्रमक लिम्फोमात ते औषधांना आहे. एका चुकीच्या क्रमांकाने येथे रोगच बदलून जातो.

नागपूरची नोंदवही

हा प्रश्न एकेकट्या रोग्यापुरता नाही. भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ साली मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली आणि १९८० साली तिची शाखा म्हणून नागपूरची नोंदणी उभी राहिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यानंतरचा, १९८१ च्या अखेरीचा. म्हणजे या बाबतीत नागपूर पुष्कळ मोठ्या शहरांच्या पुढे होते, ही गोष्ट नागपूरकरांनाही फारशी ठाऊक नाही. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालये, प्रयोगशाळा आणि महापालिकेचे मृत्युनोंदणी कार्यालय येथे स्वतः जाऊन नोंदी गोळा करतात. हे काम चिकाटीचे आणि प्रसिद्धीविना चालणारे आहे.

१९८० साली प्रचारात होती ती वर्गीकरणाची नववी आवृत्ती. तिच्यात ‘रेटिक्युलोसार्कोमा’ आणि ‘लिम्फोसार्कोमा’ अशी नावे होती. आज कोणताही विकृतिशास्त्रज्ञ ती लिहीत नाही. बर्किटला मात्र तेव्हाही २००.२ हे स्वतंत्र घर होते. १९९० साली मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीने सारी मांडणी बदलली. २०१९ साली स्वीकारली गेलेली आणि १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आलेली अकरावी आवृत्ती ती पुन्हा बदलते: तिच्यात मोठ्या बी-पेशींचा प्रकार ‘२ए८१’ झाला आहे आणि बर्किट ‘२ए८५.६’. साहजिकच चार दशकांत अमुक एक लिम्फोमा वाढला की घटला, हे सांगू पाहणाऱ्याला आधी रोग वाढला की त्याचे नाव बदलले याचा निवाडा करावा लागतो. ज्या नोंदीत प्रकार व्यवस्थित लिहिलेला आहे ती जुन्या घरातून नव्या घरात नेता येते. ‘अनिर्दिष्ट’ मात्र कोणत्याही आवृत्तीत अनिर्दिष्टच राहते.

पत्त्याचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. लोकसंख्याधारित नोंदणीत रोगी कोठे तपासला गेला याहून तो कोठे राहतो याला महत्त्व असते, आणि निदान वर्षभराचे वास्तव्य असल्याखेरीज त्याला त्या शहराचा रहिवासी मानीत नाहीत. नागपुरात छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, बैतूल येथून आणि छत्तीसगडातून रोगी येतात. त्यांच्यापैकी कोणी जरीपटक्यातील नातेवाइकाकडे उतरतो आणि केसपेपर काढताना तोच पत्ता सांगतो, कारण दूरध्वनी तेथे लागतो आणि पत्र तेथे पोहोचते. विचारणाऱ्याने ‘कायमचा पत्ता कोणता’ हा दुसरा प्रश्न केला नाही, तर मध्य प्रदेशचा रोगी नागपूरच्या खात्यावर जमा होतो. उलटपक्षी जरीपटक्याचा खरा रहिवासी मुंबईला उपचार घेतो आणि तेथे परळचा तात्पुरता पत्ता देतो, तेव्हा नागपूरच्या खात्यातून तो गळतो. शिवाय एकाच आडनावाचे देवनागरी, सिंधी आणि रोमन लिप्यांतून फिरताना तीन-चार अवतार होतात. त्यामुळे एक माणूस दोनदा मोजला जाण्याचा किंवा दोन माणसे एक ठरण्याचा संभव असतो. हे ओळखण्याचे काम यंत्रापेक्षा शहर माहीत असलेला कर्मचारीच अधिक चांगले करतो.

या नोंदींचा उपयोग काय, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. कोणत्या रुग्णालयाला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची सामग्री द्यावयाची, मुलांच्या कर्करोगासाठी किती खाटा राखावयाच्या, रिटुक्सिमॅबची मागणी किती नोंदवावयाची, हे सारे याच आकड्यांवरून ठरावयास हवे. आक्रमक लिम्फोमाचे रोगी ‘अनिर्दिष्टा’च्या घरात दडलेले राहिले, तर ‘येथे असे रोगी फारसे नाहीत’ असा निष्कर्ष कागदोपत्री बिनचूक निघतो. तपासणीची सोय नाही म्हणून प्रकार कळत नाही, प्रकार कळत नाही म्हणून गरज दिसत नाही आणि गरज दिसत नाही म्हणून सोय होत नाही. या चक्रात विदर्भातील रोगी मुंबईची गाडी पकडतो.

डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. बाह्यरुग्ण विभागात रोग्यांची रांग लागलेली असताना चार अंकी क्रमांकाची काळजी करीत बसणे हे त्यांना निरर्थक वाटल्यास नवल नाही. शिवाय तज्ज्ञांचेच एकमत नाही. २०२२ साली रक्त व लसिकाग्रंथींच्या कर्करोगांची एक नव्हे तर दोन नवी वर्गीकरणे पुढे आली: एक जागतिक आरोग्य संघटनेचे, दुसरे तिच्यापासून वेगळे झालेल्या तज्ज्ञांचे. ज्यात ‘मिक’ व ‘बीसीएल २’ या दोन्ही जनुकांत उलथापालथ झालेली असते अशा ‘दुहेरी आघाता’च्या अत्यंत आक्रमक लिम्फोमाला दहाव्या आवृत्तीत स्वतंत्र घरच नाही. कर्करोग नोंदणीच्या पेशीरचना-संकेतावलीतही जागतिक आरोग्य संघटनेच्या मागील वर्गीकरणाने त्याला मोठ्या बी-पेशींच्या लिम्फोमाचाच क्रमांक, ९६८०/३, दिला होता. म्हणजे ‘चॉप’ व रिटुक्सिमॅबने पुष्कळदा बरे होणारे आणि त्याच उपचारांना सहसा दाद न देणारे असे दोन रोग एकाच क्रमांकाखाली मोजले जातात. वर्गीकरणाचा हा दोष खरा आहे. पण क्रमांकाला मर्यादा आहेत म्हणून अहवालातील शब्दही आखडते घ्यावेत, हे त्यावरून सिद्ध होत नाही. उलट क्रमांक अपुरा असतो तेथेच विकृतिशास्त्रज्ञाने लिहिलेल्या पूर्ण वाक्याची गरज अधिक असते.

कार्यालयातील टेबल

या विषयाची दुसरी बाजू शिक्षक आणि कारकून यांना अधिक जवळची आहे. शासकीय कर्मचाऱ्याने वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीसाठी जोडलेली कागदपत्रे मुख्याध्यापक किंवा कार्यालय अधीक्षक, लेखा शाखा आणि वरिष्ठ कार्यालय अशा अनेक हातांतून जातात. खाजगी विम्याच्या प्रमाणित दावा-अर्जात रुग्णालयाने भरावयाच्या भागात दहाव्या आवृत्तीचा संकेतांक लिहिण्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. संकेतांक म्हणजे गुप्त लिपी, असा एक समज आहे, आणि तो चुकीचा आहे. त्याची किल्ली कोणालाही उपलब्ध असते. ज्यांचा लिम्फोमा एचआयव्हीच्या बाधेतून उद्भवलेला असतो, त्यांच्यासाठी दहाव्या आवृत्तीत वेगळाच क्रमांक आहे: बर्किट असेल तर ‘बी २१.१’, अन्य प्रकार असेल तर ‘बी २१.२’. वैद्यकदृष्ट्या हा भेद योग्यच आहे. पण त्या एका अक्षराने रोग्याचे सर्वांत खाजगी सत्य लेखा शाखेच्या टेबलावर येऊन पडते. २०१७ च्या एचआयव्ही व एड्सविषयक कायद्याने अशा माहितीच्या गोपनीयतेची हमी दिली आहे. ती केसपेपरवर पाळली जाते आणि बिलावर विसरली जाते, असे होऊ नये यासाठी पैसे मंजूर करणाऱ्याला नेमकी किती माहिती आवश्यक आहे हे शासनाने लेखी ठरवून द्यावयास हवे. रोगाचा प्रकार नोंदणीला आणि उपचार मंजूर करणाऱ्या डॉक्टरांना हवा. शाळेच्या कार्यालयाला तो कशासाठी हवा, याचे उत्तर अवघड आहे.

मृत्यूच्या दाखल्याविषयी थोडक्यातच सांगता येईल. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना क्रमांक ४ भरावा लागतो आणि त्यात मृत्यूचे मूळ कारण सर्वांत खालच्या ओळीत अपेक्षित असते. लिम्फोमाचा रोगी पुष्कळदा जंतुसंसर्गाने दगावतो, आणि दाखल्यावर तेवढेच किंवा ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिले जाते. प्रत्येक मृत्यूत हृदयक्रिया बंद पडतेच. अशा दाखल्यावरून लिम्फोमाचे नाव मृत्यूच्या आकड्यांतून पूर्णपणे पुसले जाते आणि तेथे ‘अनिर्दिष्ट’ इतकीही खूण उरत नाही.

उपाय खर्चिक आहेत असे नाही. लिम्फोमाचा संशय आल्यावर करावयाच्या रंगांच्या किमान संचाचा खर्च निदानापूर्वीच योजनेतून मिळावा, ही पहिली गोष्ट. शासकीय रुग्णालयांत संकेतांक लावणाऱ्या कर्मचाऱ्याला ‘हा अहवाल अपुरा आहे’ असा शेरा मारून कागद विकृतिशास्त्र विभागाकडे परत पाठविण्याचा अधिकार असावा. आज असा शेरा मारणारा कनिष्ठ कर्मचारी उद्धट ठरतो. प्रत्येक रुग्णालयाने आपल्या लिम्फोमाच्या नोंदींपैकी किती ‘८५.९’ मध्ये गेल्या ते दरवर्षी जाहीर करावे. हा आकडा काढावयास एका दिवसाहून अधिक वेळ लागू नये. आणि आणखी एक साधी गोष्ट करता येईल. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेला असतो. आज न परवडलेले रंग त्याच ठोकळ्यावर महिन्याभराने, वर्षभरानेही चढविता येतात. जरीपटक्याचा रोगी मुंबईला जातो तेव्हा तेथे पहिली मागणी याच ठोकळ्याची होते, आणि तो कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या क्रमांकाखाली ठेवला आहे हे त्याला ठाऊक नसते. मग गाठ पुन्हा कापावी लागते. रुग्णालयातून सुटी देताना दिल्या जाणाऱ्या कार्डावर रोगाच्या संकेतांकाखाली ठोकळ्याचा क्रमांक लिहिण्यासाठी एक ओळ छापली, तर हा दुसरा छेद वाचेल.